रोहिंटन बारिया चषक : विद्यापीठांच्या क्रिकेट-स्पर्धेचा इतिहास व त्याचीं साधनें

महाभारताच्या आदिपर्वांत द्रोणाचार्यांचा हस्तिनापुरांत प्रवेश होतो तो एका खेळाच्या निमित्तानें. कुरुकुमार नगराबाहेर वीटा खेळत असतां ती विहिरींत पडते. कोणासच ती काढतां येत नाहीं. आणि द्रोण इषीकेच्या काड्या एकीस एक जोडून ती वर काढून देतात. नीलकंठ चतुर्धर, ज्याचें घराणें मूळचें गोदातीरींच्या कोपरगांवचें, त्यानें आपल्या भारतभावदीप टीकेंत या शब्दाचा अर्थ यवाच्या आकाराचा, वीतभर लांबीचा लांकडाचा तुकडा असा केला असून मुलें तो हातभर दांडक्यानें उडवितात असें म्हटलें आहे. ही आपली विटी, हें महाराष्ट्रीय वाचकांस सांगावयास नको.

या एका टीकेवरून अमेरिकेंतील बेसबॉल व इंग्लंडांतील क्रिकेट हे दोन्ही खेळ विटीदांडूचे वंशज ठरविणारे लेख मधूनमधून वाचण्यांत येतात. नीलकंठ सतराव्या शतकांतला. तेव्हां त्याच्या टीकेवरून निर्विवाद सिद्ध होतें तें इतकेंच कीं, सतराव्या शतकांतील एका महाराष्ट्रीय पंडितास विटीदांडू ठाऊक होता. व्यासांच्या मनांत चेंडू होता कीं विटी, हा निराळा प्रश्न आहे. दांडक्यानें वस्तु उडविणें या क्रियासाम्यावरून वंशावळ ठरूं लागली, तर चिंचा झोडपणाऱ्या प्रत्येक पोरास क्रिकेटचा मूळपुरुष मानावें लागेल.

विटीदांडूचें खरें ऐतिहासिक धन त्याच्या गणतींत आहे. वकट, लेंड, मूंड, नाल हे शब्द आमच्या पोरांच्या तोंडीं पिढ्यानपिढ्या आहेत, आणि त्यांचा अर्थ विचारल्यास एकालाही सांगतां येत नाहीं. तेलुगूंतील ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु हे अंक त्यांच्या शेजारीं मांडले म्हणजे नातें उघड होतें. कोणत्याहि बखरींत न सांपडणारा दोन प्रांतांचा संबंध मुलांच्या मोजणीनें जपून ठेविला. खेळणारे विसरले, परंतु आंकडा विसरला नाहीं. खेळाच्या इतिहासाचें अव्वल साधन त्याची मोजणी हें होय, हा मुद्दा वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. प्रस्तुत लेखाचा विषय जी स्पर्धा, तिच्या बाबतींत तो पुढें फार उपयोगीं पडणार आहे.

विद्यापीठांनीं आपसांत खेळाचे सामने लावावे ही चाल परकी आहे. ऑक्सफर्ड व केंब्रिज यांचा पहिला क्रिकेट-सामना १८२७ सालीं लॉर्ड्सच्या मैदानावर झाला. अमेरिकेंत दोन महाविद्यालयांमधील बेसबॉलचा पहिला सामना १ जुलै १८५९ रोजीं पिट्सफील्ड गांवीं झाला. त्यांत ॲम्हर्स्टनें विल्यम्सवर ७३ विरुद्ध ३२ अशी मात केली. मौजेची गोष्ट अशी कीं, त्याच भेटींत त्या दोन महाविद्यालयांचा बुद्धिबळाचाहि सामना झाला व तोहि ॲम्हर्स्टनेंच जिंकला. जपानांत वासेदा व केइओ यांचे बेसबॉलचे सामने १९०३ पासून सुरू झाले. परंतु पाठीराख्या विद्यार्थ्यांचा उन्माद इतका वाढला कीं १९०६ मध्यें ते बंद करावे लागले, आणि पुन्हां सुरू व्हावयास १९२५ साल उजाडलें. अमेरिकेंतील महाविद्यालयांची देशव्यापी बेसबॉल-विजेतेपदाची स्पर्धा तर १९४७ सालची. कॅलामझू येथें कॅलिफोर्नियानें येल विद्यापीठास हरविलें तेव्हांची. आपल्याकडील विद्यापीठांची देशव्यापी क्रिकेट-स्पर्धा तिच्याहून बारा वर्षांनीं वडील आहे. खेळ उसना, परंतु ही योजना आपण कोणाच्या मागून केली असें म्हणतां येत नाहीं.

ती स्पर्धा म्हणजे रोहिंटन बारिया चषकाची. तिचें महत्त्व समजण्यास मुंबईच्या मैदानावर तत्पूर्वीं काय चाललें होतें तें पाहिलें पाहिजे. पारश्यांनीं १८४८ मध्यें ओरिएंटल क्लब काढला, १८८६ व १८८८ मध्यें इंग्लंडचे दौरे केले, आणि पुढें १८९२ पासून युरोपियनांशीं प्रेसिडेन्सी सामने सुरू केले. १९०७ मध्यें हिंदूंचा संघ आला व तिरंगी सामने झाले. १९१२ मध्यें मुसलमानांचा आला व चौरंगी झाले. १९३७ मध्यें ख्रिस्ती इत्यादि उरलेल्यांचा संघ निघून पंचरंगी झाले. म्हणजे तीस वर्षांत नवा रंग मिळविण्याची रीत एकच होती : नवा धर्म किंवा नवा समाज मैदानावर आणणें. मैदान वाढत होतें, परंतु जनगणनेच्या रकान्यांप्रमाणें.

त्यांतहि हिंदु संघ म्हणजे सर्व हिंदूंचा असें नव्हतें. पाळवणकर बाळूसारखा गोलंदाज, ज्यानें १९११ च्या इंग्लंड-दौऱ्यांत शंभरांहून अधिक गडी बाद केले, तो चर्मकार ज्ञातींतला म्हणून पुण्यास त्याला चहा बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यांत दिला जाई. त्याच्या हातचा चेंडू सर्वांस चालत असे. पुढें १९२३ मध्यें त्याचा भाऊ विठ्ठल हिंदु संघाचा नायक झाला तेव्हां एक पायरी चढली गेली. परंतु संघ हिंदूंचाच राहिला.

१९३० पासून सत्याग्रहाच्या चळवळीमुळें चौरंगी सामने बंद पडले व १९३४ मध्यें पुन्हां सुरू झाले. त्याच सुमारास दुसरीहि हालचाल चालू होती. १९२८ मध्यें स्थापन झालेल्या क्रिकेट नियामक मंडळानें १९३४-३५ च्या हंगामांत प्रांतांच्या स्पर्धेस, म्हणजे रणजी चषकास, प्रारंभ केला. आणि पुढल्याच हंगामांत, १९३५-३६ मध्यें, विद्यापीठांची स्पर्धा सुरू झाली. एका मैदानावर धर्म, दुसऱ्यावर प्रांत, तिसऱ्यावर विद्यापीठ अशा तीन तत्त्वांवर एकाच वेळीं संघ निवडले जाऊं लागले. माझ्या मतें १९३४ ते १९४६ हीं बारा वर्षें भारतीय क्रिकेटांतील सर्वांत विचार करण्याजोगीं आहेत, तीं धावांसाठीं नव्हेत, तर या तिहेरी मांडणीसाठीं.

चषक दिला मुंबईच्या आर्देशीर दादाभाई बारिया या पारशी गृहस्थांनीं, आपला मुलगा रोहिंटन याच्या स्मरणार्थ. या नांवाविषयीं दोन शब्द लिहिल्यावांचून राहवत नाहीं. रोहिंटन हें फारसी रूईन-तन याचें पारशी रूप. शाहनाम्यांतील इस्फंदियार या वीराचें तें विशेषण असून त्याचा अर्थ कांस्यदेह, ज्याच्या अंगांत शस्त्र शिरत नाहीं असा. त्यांतील तन आणि आपला संस्कृत तनु हे सख्खे भाऊ. ज्या मुलाचें नांव अभेद्य देहाचें, त्याच्या मागें बापानें चांदीचें पात्र ठेवावें, यांत जें काय आहे तें वाचकांस सांगण्याची गरज नाहीं.

इतिहासकारानें येथें एक सावधगिरी बाळगली पाहिजे. अलीकडे या चषकाचा उल्लेख करतांना तो जातीय क्रिकेटास उत्तर म्हणून काढला गेला असें सुचविण्याची प्रवृत्ति दिसते. देणगीचा हेतु पुत्रस्मरण हा होता. सुधारणेचा झेंडा तिच्यावर नंतर लावणें हें सनदेंत मागाहून ओळ घुसडण्यासारखें आहे. परंतु हेतु एक आणि रचनेचा परिणाम दुसरा, असें इतिहासांत वारंवार घडतें. विद्यापीठाच्या संघांत शिरण्यास लागे ती एका महाविद्यालयाच्या हजेरीपटावरील नोंद. पारशी, मराठा, बोहरी, गुजराती, गोवेकर ख्रिस्ती, सिंधी हे सर्व एका हजेरीपटावर होते, म्हणून एका संघांत आले. कोणीं ठराव केला नाहीं, कोणीं व्याख्यान दिलें नाहीं. जें मुंबईच्या जिमखान्यांना वाद घालून साधलें नाहीं, तें प्रवेशाच्या नियमानें सहज साधलें.

ही रचना त्या काळच्या विचारवंतांच्या नजरेंत नव्हती असेंहि नाहीं. डिसेंबर १९४० मध्यें हिंदु जिमखान्याचे प्रतिनिधि वर्ध्यास महात्मा गांधींचा सल्ला घेण्यास गेले. गांधींनीं दिलेल्या उत्तराचा आशय असा कीं, महाविद्यालयांमधील व संस्थांमधील सामने आपणांस समजूं शकतात, परंतु हिंदु, पारशी, मुसलमान असे संघ कां असावे हें आपणांस कधींच कळलें नाहीं. या उत्तराचा दुसरा भाग सर्वत्र उद्धृत होतो. पहिला भाग बहुधा गाळला जातो. प्रस्तुत लेखकास तो पहिला भाग अधिक मोलाचा वाटतो. नुसतें अमुक करूं नका असें न म्हणतां त्यांनीं चालू असलेल्या दुसऱ्या मार्गाकडे बोट दाखविलें, आणि तो मार्ग त्या वेळीं पांच वर्षें वापरांत होता. त्या वर्षीं हिंदूंचा संघ पंचरंगींत उतरला नाहीं. पुढें पुन्हां उतरला. आणि १९४६ मध्यें पंचरंगी सामने कायमचे बंद झाले. विद्यापीठांची स्पर्धा मात्र चालत राहिली. तिची व्यवस्था आरंभीं क्रिकेट नियामक मंडळाकडे होती, ती पुढें १९२५ मध्यें स्थापन झालेल्या आंतरविद्यापीठ मंडळाच्या क्रीडाशाखेकडे गेली.

आतां आमच्या कर्जत-खालापुराकडे येऊं. बोरघाटाच्या पायथ्याचा हा मुलूख संशोधकांस ठाऊक आहे तो १६६१ च्या उंबरखिंडीच्या लढाईमुळें, फार तर खोपोलीच्या नाना फडणविसांच्या तळ्यामुळें. खेळाच्या इतिहासांत त्याचें स्थान रस्त्याचें आहे. परंतु रस्ता हेंहि एक साधनच. १८५७ सालचें मुंबई विद्यापीठ १९४९ पर्यंत केवळ मुंबईचें नव्हतें. पुणें, अहमदाबाद, बडोदें, धारवाड येथील महाविद्यालयें त्याचीं, आणि १९४७ पर्यंत कराचीचेंहि त्याचेंच. म्हणून विद्यापीठाचा संघ निवडावयाचा म्हणजे पुण्याच्या मुलांनीं घाट उतरून यावयाचें. १८६३ मध्यें घाटांतून लोहमार्ग झाला. कर्जतास गाडीच्या मागें जादा इंजिनें लागतात तेव्हां ती वर चढते, हें दृश्य आम्हां इकडील लोकांच्या रोजच्या परिचयाचें. फर्ग्युसन किंवा सर परशुरामभाऊ महाविद्यालयाचा फलंदाज आणि एल्फिन्स्टन किंवा सेंट झेवियरचा गोलंदाज एका संघांत खेळत, तो संघ जोडणारा दुवा हा घाट होता. पुढें १० फेब्रुवारी १९४९ रोजीं पुणें विद्यापीठ स्थापन झालें. त्याच वर्षीं गुजरात, कर्नाटक व बडोदें हीं विद्यापीठेंहि निघालीं. आणि कालचे सहकारी एकमेकांचे प्रतिस्पर्धी झाले. आज घाटाखालचीं कर्जत-खोपोलीचीं महाविद्यालयें मुंबई विद्यापीठाकडे आहेत, घाटावरचें लोणावळें पुणें विद्यापीठाकडे. ज्या खिंडींतून पूर्वीं एक संघ येजा करी तेथें आतां दोन संघांची शीव आहे.

पुण्याचें नांव निघालें म्हणजे प्रा. दिनकर बळवंत देवधर यांचा उल्लेख टाळतां येत नाहीं, आणि संस्कृताच्या अभ्यासकानें तर टाळूंच नये. १८९२ मध्यें जन्मलेले देवधर सर परशुरामभाऊ महाविद्यालयांत संस्कृताचे प्राध्यापक होते. १९२६ मध्यें गिलिगनच्या इंग्रज संघाविरुद्ध त्यांनीं मुंबईंत १४८ धावा केल्या. १९३९-४० व १९४०-४१ अशीं लागोपाठ दोन वर्षें त्यांच्या नायकत्वाखालीं महाराष्ट्रानें रणजी चषक जिंकला, त्या वेळीं त्यांचें वय पन्नाशीस टेकलें होतें. आणि १९९३ मध्यें वयाच्या एकशें दुसऱ्या वर्षीं ते निवर्तले. त्यांच्या धावांपेक्षां मला दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. खेळ म्हणजे अभ्यासाचा नाश, अशी आमच्या मध्यमवर्गाची पक्की समजूत होती. जो गृहस्थ सकाळीं कालिदास शिकवितो तोच दुपारीं फळी घेऊन उभा राहतो, हें पाहिल्यावर ती समजूत टिकणें कठीण झालें. विद्यापीठांच्या स्पर्धेस मुलें पाठविण्यास पालक तयार झाले, त्याचें श्रेय कांहीं अंशीं अशा शिक्षकांकडे जातें. चाळीस वर्षें रघुवंशाचे श्लोक पाठ करून घेतल्यावर हें लिहितांना मला थोडा हेवा वाटतो, हेंहि नमूद करतों.

स्पर्धेंतून पुढें आलेल्या खेळाडूंची यादी देण्याचा येथें हेतु नाहीं. ती अन्यत्र सहज मिळते. परंतु कांहीं उदाहरणें वरील विवेचनास उपयोगी आहेत. सोलापुरांत जन्मलेला पहलान ऊर्फ पॉली उम्रीगर हा पारशी विद्यार्थी मुंबई विद्यापीठाचा नायक झाला. १९४८ मध्यें वेस्ट इंडीजचा संघ आला असतां विद्यापीठांच्या संयुक्त संघातर्फे त्यानें नाबाद ११५ धावा काढल्या व त्याच दौऱ्यांत त्याची कसोटी संघांत निवड झाली. विद्यापीठाच्या मैदानावरून देशाच्या संघांत जाणारी वाट इतकी सरळ होती.

त्याच पिढींतील दुसरा विद्यार्थी लाहोरचा. पंजाब विद्यापीठाच्या इस्लामिया महाविद्यालयांत शिकलेला अब्दुल हफीझ १९४६ मध्यें हिंदुस्थानच्या संघाबरोबर इंग्लंडला गेला, आणि १९५२ मध्यें दिल्लीस आला तो अब्दुल हफीझ कारदार या नांवानें, पाकिस्तानचा पहिला कसोटी-नायक म्हणून. त्याच्यासमोर हिंदुस्थानतर्फे उम्रीगर खेळत होता. १९४७ पूर्वीं लाहोर व मुंबई हीं दोन्ही एकाच स्पर्धेंतील विद्यापीठें होतीं. फाळणीनें प्रांत तोडले, तसें विद्यापीठहि तोडलें : लाहोरचें तिकडे राहिलें आणि १ ऑक्टोबर १९४७ रोजीं पूर्व पंजाबचें नवें विद्यापीठ निघालें, जें पुढें चंदीगडास गेलें. फाळणीच्या इतिहासाचें साहित्य गोळा करणाऱ्यांनीं दप्तरें, पत्रें, छावण्यांच्या नोंदी सर्व पाहिलें. सामन्यांच्या याद्यांत एके वर्षीं असलेलीं नांवें पुढील वर्षीं नसणें, हा पुरावा मात्र कोणी फारसा वापरीत नाहीं.

तिसरें उदाहरण गोव्याचें. मडगांवांत १९४० मध्यें जन्मलेला दिलीप सरदेसाई मुंबईच्या विल्सन महाविद्यालयांत आला तेव्हां गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यांत होता. १९५९-६० च्या बारिया स्पर्धेंत त्यानें ८७ च्या सरासरीनें ४३५ धावा केल्या. पुढच्या हंगामांत पाकिस्तानच्या पाहुण्या संघाविरुद्ध पुण्यास विद्यापीठांच्या संघांतून त्याचें प्रथम श्रेणींत पदार्पण झालें, आणि तेथेंहि त्याच्या धावा ८७ च झाल्या. राजकीय सीमेनें ज्यास परका ठरविलें होतें त्यास विद्यापीठानें आपला म्हटलें, तें गोवामुक्तीच्या आधीं. अजित वाडेकराच्या ३२४ धावांचा या स्पर्धेंतील विक्रम सुनील गावसकरानें ३२७ करून मोडला, तोहि मुंबई विद्यापीठाच्याच विद्यार्थ्यानें मुंबई विद्यापीठाच्याच विद्यार्थ्याचा. आणि दोघेहि १९७१ च्या वेस्ट इंडीज-दौऱ्यावर गेले, पहिला संघाचा नायक होऊन व दुसरा नवखा म्हणून.

त्यानंतरचा भाग थोडक्यांत आटोपतों. आंतरविद्यापीठ मंडळ १९७३ मध्यें भारतीय विद्यापीठ संघ झालें, आणि स्पर्धा त्याच्याकडे आहे. त्याच्या कार्यक्रमांत क्रिकेटाखेरीज कबड्डी, खोखो व बेसबॉल यांच्याहि आंतरविद्यापीठ स्पर्धा मुलांमुलींसाठीं होतात. परंतु वयोगटांच्या स्पर्धा वाढल्या, होतकरू खेळाडू महाविद्यालयांत पोहोंचण्याआधींच निवडला जाऊं लागला, आणि विद्यापीठाच्या संघाचें तें जुनें स्थान राहिलें नाहीं. याबद्दल हळहळणारे पुष्कळ आहेत. मला त्यांत हळहळण्यासारखें असेल तर तें इतकेंच कीं, शिकणारा मुलगा व खेळणारा मुलगा हे पुन्हां दोन झाले.

आतां साधनांचा प्रश्न, ज्यासाठीं हा लेख या त्रैमासिकाकडे पाठविला. आमचे संग्राहक वतनाच्या कागदास किंमत देतात, जुन्या पंचांगासहि देतात. महाविद्यालयाच्या अडगळींतील धावांची वही रद्दींत गेली तर कोणास वाईट वाटत नाहीं. वृत्तपत्रांतील धावफलक हें दुय्यम साधन आहे. तेथें नांवाचें आद्याक्षर व आडनांव एवढेंच असतें. त्यावरून समाजाचा तर्क करतां येतो, महाविद्यालयाचा येत नाहीं, गांवाचा तर मुळींच नाहीं. मूळ वहींत प्रत्येक चेंडूची खूण असते, दोन्ही गुणलेखकांचे मेळ घातलेले आंकडे असतात, व बहुधा सह्याहि असतात. बखर व अस्सल पत्र यांत जो भेद, तोच येथें.

त्याहून मोलाचे कागद वहीच्या बाहेरचे. पात्रतेच्या यादींत खेळाडूचें पूर्ण नांव, जन्मतारीख, इयत्ता व महाविद्यालय येतें. संघांत खरोखर कोण कोण होतें हें तिच्यावरून ठरेल. रेल्वेच्या सवलतीच्या अर्जावरून कोण कोठून निघाला तें कळतें. परगांवच्या मुक्कामाचीं जेवणाचीं बिलें तर मी पहिल्या प्रतीचीं मानतों. एका संघांत खेळणारे एका पंक्तींत जेवत होते कीं नाहीं, याचें उत्तर धावफलक देत नाहीं, खानावळीचा हिशेब देतो. ज्या गोष्टीसाठीं मी या स्पर्धेस एवढें महत्त्व देत आहे तिची खरी कसोटी तेथें आहे. महाविद्यालयांचीं वार्षिकें, छापील कार्यक्रमपत्रिका, मागें नांवें लिहिलेलीं संघांचीं छायाचित्रें हीं त्यांच्या खालोखाल.

पुणें व मुंबई यांच्यामधील आमच्या टापूंत निवृत्त होऊन राहिलेलीं शिक्षकांचीं, रेल्वेकामगारांचीं व गिरणीकामगारांचीं घरें पुष्कळ आहेत. माळ्यावरच्या पेट्यांत असे कागद सांपडल्यास ते वेगवेगळे करूं नयेत. एका पेटींतले एकत्रच ठेवावे, कारण वहीशेजारीं बिल असलें तरच बिलाचा सामना ओळखतां येतो. धावांच्या वह्या बहुतेक शिसपेन्सिलीनें लिहिलेल्या असतात. त्या ओल्या फडक्यानें पुसूं नयेत, फाटलेल्या पानास चिकटपट्टी लावूं नये, आणि पुसट आंकडे शाईनें गिरवूं नयेत. तिरप्या उजेडांत धरल्यास पेन्सिलीचा दाब कागदावर वाचतां येतो. छायाचित्राच्या पाठीवरील नांवें प्रथम उतरून घ्यावीं, आणि ज्या क्रमानें लिहिलीं असतील त्याच क्रमानें उतरावीं.